दिवसातून चार वेळा

गुलाबरावांनी माझ्या हातात वजनाची पावती ठेवली. मालाच्या ट्रकला मिळते तशीच, कारखान्याच्या गेटवरच्या वजनकाट्याची छापील पावती. वाहन क्रमांकाच्या जागी 'राणी' लिहिलं होतं. मालाचा प्रकार: गाभण कुत्री. ग्रॉस वेट: चाळीस किलो. टेअर वेटचा रकाना रिकामा होता.

टेअर म्हणजे रिकाम्या गाडीचं वजन. काट्यावरच्या ऑपरेटरने गुलाबरावांना सांगितलं होतं, की बाळंत झाली की पुन्हा आणा, मग नेट काढून देतो.

"काटा चुकीचा दाखवते का मॅडम?" गुलाबरावांनी विचारलं.

काटा ट्रकचा. तो वीस-वीस किलोंच्या उड्या मारतो. तीस टनांच्या ट्रकमध्ये वीस किलो इकडेतिकडे झाले तर कोणी विचारत नाही, पण इथे अख्खी एक कुत्रीच कमीजास्त होत होती. मी दुसरा काटा मागवला. कॅन्टीनच्या स्टोअरमधून बटाटे तोलायचा काटा आला. चौघांनी मिळून राणीला त्यावर चढवलं. साडेअठ्ठावीस किलो.

तीन आठवड्यांपूर्वी ती एकोणीस किलोंची होती. तेव्हा गुलाबराव तिला कडेवर घेऊन फर्स्ट एड रूममधल्या काट्यावर उभे राहिले होते आणि मी दोघांच्या वजनातून गुलाबरावांना वजा केलं होतं. आज मी तिला पुन्हा तपासायला आले, तर त्यांना ती उचलवत नव्हती, म्हणून तर ट्रकच्या काट्यावर गेली.

मी पशुवैद्य. नागपुरात सक्करदऱ्याला माझं क्लिनिक आहे, त्याला आता तीसेक वर्षं होतील. शहराबाहेरच्या या कारखान्याचं नाव सांगत नाही, कारण मला तिथे अजून जायचं असतं. आवारातल्या कुत्र्यांना रेबीजची इंजेक्शनं द्यायला वर्षातून एकदा जाते. तीन आठवड्यांपूर्वी त्याच कामाला गेले होते. गेटवरच्या राणीच्या पोटाला हात लावला तर आत सुपारीएवढ्या गाठी लागल्या. दिवस गेले होते. महिना झाला असावा.

गुलाबराव ठवकर हे गेटवरचे वॉचमन. राणी त्यांची नाही, कारखान्याची. पण ती येऊन बसायची ती त्यांच्याच खुर्चीपाशी. मी त्यांना बातमी दिली तर त्यांना आनंद झालेला दिसला नाही. ते बराच वेळ तिच्या कानामागे खाजवत राहिले.

"मागच्या दोन्ही खेपेले एकही पिल्लू वाचलं नाही मॅडम," ते म्हणाले. "एकेक करून मीच पुरले, त्या कडुलिंबाखाली. या खेपेले एक तरी जगलं पाह्यजे."

मागच्या दोन्ही खेपांना काय झालं असेल, ते मला तिच्या बरगड्यांवरूनच कळलं. आई उपाशी, अंगात दूध नाही, पिल्लं दोन-तीन दिवसांत थंड पडतात. माणसाचे नऊ महिने तसे कुत्रीचे नऊ आठवडे. पहिले पाच आठवडे नेहमीचं खाणं पुरतं. सहाव्यापासून हळूहळू वाढवत शेवटी दीडपट करायचं. मात्र एकदम पोटभर घालायचं नाही. पोटात पिल्लांनी जागा व्यापलेली असते, जठराला फुगायला वाव नसतो. म्हणून थोडं थोडं, पण जास्त वेळा. हे सगळं मी लेटरहेडवर मराठीत लिहून दिलं. शेवटची ओळ अशी होती: 'थोडं थोडं, दिवसातून चार वेळा.'

त्यात न कळण्यासारखं काही आहे, असं मला त्या वेळी वाटलं नाही.

आता राणी बटाट्यांच्या काट्यावरून उतरली आणि उतरल्या जागीच बसली. या दिवसांत चार-पाच किलो वाढले तर मी खूश झाले असते. हिचे साडेनऊ वाढले होते, आणि अजून दहा-बारा दिवस बाकी होते. मी गुलाबरावांना विचारलं, काय घालता हिला. ते म्हणाले, मी तुम्ही सांगितलं तसंच घालतो. आणि मान खाली घातली. माणूस खोटं बोलत नव्हता, पण सगळं सांगतही नव्हता.

दुपारचे पावणेदोन झाले होते. या कारखान्यात काम तीन शिफ्टमध्ये चालतं. सकाळी सहा ते दोन ए शिफ्ट, दोन ते रात्री दहा बी, आणि उरलेली सी. ए शिफ्ट सुटायची आणि बी यायची तीच वेळ होती. गेटवर दोन्हीकडची माणसं जमली. डॉक्टरीण आली म्हटल्यावर प्रत्येकाला आपली बाजू सांगायची होती. ए शिफ्टमधला एक फिटर छाती काढून पुढे झाला. त्यांच्याकडून दूध-पोळी, उकडलेली अंडी आणि वरणभात. बी शिफ्टच्या माणसाने सांगितलं, आमच्याकडून चिकन, रोज. सी शिफ्टचं त्यांच्या गैरहजेरीत दुसऱ्यांनीच सांगितलं: रात्री कॅन्टीनची खिचडी उरते ती, आणि पहाटे बिस्किटं. कॅन्टीनच्या शकुंतलाबाई मागे उभ्या होत्या. त्यांनी डिंकाचे लाडू केले होते. बाळंतिणीला करतात तसेच, मनुका घालून.

मनुका कुत्र्याला विषासारख्या असतात, मूत्रपिंडं बसू शकतात, हे मी त्यांना सांगितलं. बाईंचा चेहरा उतरला. मग हळूच म्हणाल्या, मनुका ती थुंकूनच टाकते. त्या कारखान्यात आहाराची अक्कल असलेली एकटी राणीच होती.

"किती वेळा घालता?" मी फिटरला विचारलं.

"आमी तं चारच डाव देतो मॅडम. तुमीच लिवलं ना, दिवसातून चार डाव."

"आणि तुम्ही?"

"आमी बी चारच," बी शिफ्टवाला म्हणाला. "सी वाले बी चारच देत असतीन. बोर्डावर लागलं हाय."

चार त्रिक बारा. मी फिटरला म्हटलं, अहो, दिवसातून चार वेळा म्हणजे सगळ्यांचे मिळून चार. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला हजेरीतलं काही कळत नाही याची त्याला खात्रीच पटली.

"दिवस म्हणजे आठ घंटे ना मॅडम. एक शिफ्ट भरली का एक दिवस भरला. मी काल डबल केली, माह्ये दोन दिवस भरले. मस्टरवर तसंच असते."

म्हणजे एका तारखेत तीन दिवस. कारखान्यात आयुष्य काढलेल्या माणसाचं हे गणित बिनचूक होतं. चुकलेली मी होते. मी सूर्याचा दिवस लिहिला होता आणि त्यांनी मस्टरचा वाचला. दोन घरचा पाहुणा उपाशी, असं आपण म्हणतो. तीन शिफ्टची पाहुणी फुटायला आली होती.

मी बोर्ड पाहायला गेले. कॅन्टीनच्या दाराशी काचेच्या पेटीत, सेफ्टी हेल्मेटच्या सूचनेशेजारी माझ्या चिठ्ठीचा सरकारी अवतार लावलेला होता. विषय: गर्भवती श्वान (राणी) हिच्या आहाराबाबत. एक, दिवसातून चार वेळा आहार द्यावा. दोन, सर्व शिफ्ट इनचार्जनी याची काटेकोर अंमलबजावणी करावी. तीन, प्रत्येक आहारासोबत कॅल्शियम सिरप दोन चमचे. खाली एचआरच्या चांदेकर साहेबांची सही आणि शिक्का.

'थोडं थोडं' कुठेच नव्हतं. आणि कॅल्शियम हा शब्द मी लिहिलाच नव्हता. पेशवाईत ध चा मा करायला निदान काहीतरी स्वार्थ होता. इथे केवळ टापटिपीच्या हौसेने काम झालं होतं. मी तशीच चांदेकर साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

चांदेकर साहेब सज्जन माणूस. चहा सांगितल्याशिवाय बोलायला सुरुवात करत नाहीत. मी विचारलं, माझे दोन शब्द कुठे गेले. ते म्हणाले, "मॅडम, 'थोडं थोडं' हे नोटिशीत बसत नाही. उद्या ऑडिटवाल्याने विचारलं, थोडं म्हणजे किती, तर मी काय दाखवू?"

"आणि कॅल्शियम?"

"ते तुमच्याकडून राहून गेलं असं वाटलं. आमच्या मिसेसला दोन्ही बाळंतपणांच्या वेळी दिलं होतं."

"त्यांना नऊ महिने होते, साहेब."

"हो ना, म्हणून तर. इकडे टाइम कमी, म्हणून प्रत्येक वेळी दोन-दोन चमचे केलं."

मी चहा पिऊन टाकला. नाहीतर तोंडून काहीतरी भलतं निघालं असतं. कॅल्शियमचं असं असतं. पिल्लं झाल्यावर दूध तयार करायला आईला ते खूप लागतं, आणि ते शरीर स्वतःच्या हाडांतून काढून घेतं. हाडं म्हणजे गोदाम. गोदामावर एक कारकून बसलेला असतो, मागणी आली की तो माल सोडतो. गाभण असताना तुम्ही वरून आयतं कॅल्शियम ओतत राहिलात, तर कारकुनाला काम उरत नाही, तो झोपी जातो. मग पिल्लं जोरात प्यायला लागतात, रक्तातलं कॅल्शियम खाली येतं, आणि कारकून काही उठत नाही. कुत्री थरथरायला लागते, झटके येतात, वेळेवर हात लागला नाही तर जाते. हे मी साहेबांना सांगितलं. त्यांनी डायरीत लिहून घेतलं आणि म्हणाले, यात वॉचमनची चूक आहे, त्याने रिपोर्ट करायला पाहिजे होतं, त्याला मेमो काढतो.

चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा हा वेग पाहून मी थक्क झाले. मी म्हटलं, मेमो नंतर काढा, आधी त्याला बोलवा.

गुलाबराव आले आणि दाराशीच उभे राहिले. मी दोनदा विचारल्यावर बोलले.

"मी सांगतलं होतं सायब. बी शिफ्टले सांगतलं, सीले बी सांगतलं, का बापा जास्त होऊन राहिलं. तं मले म्हणे, तुमी दोन डाव उपाशी मारलं तिले, आता आमी घालून राहिलो तं तुमाले पाहावत नाही. मंग मी काय बोलू?"

मला त्या माणसाची लाज वाटली, म्हणजे त्याच्यासमोर बसायची लाज वाटली. मागच्या दोन्ही वेळी तोच स्वतःच्या डब्यातली अर्धी पोळी तिला घालत होता. बाकी कारखान्याला तेव्हा राणी नावाची कुत्री आहे हेही माहीत नव्हतं. मेमोचा विषय तिथेच संपला, एवढं मात्र साहेबांच्या बाजूने नोंदवलं पाहिजे.

आता काय करायचं, हा प्रश्न होता. कॅल्शियम बंद, ते सोपं. पण गाभण कुत्रीला शेवटच्या दिवसांत उपाशी ठेवून बारीक करता येत नाही, पिल्लं मरतात. वाढलेलं वजन आता पोटातच राहणार होतं. फक्त पुढचं थांबवायचं होतं. साहेबांनी ए आणि बी शिफ्टच्या माणसांना बोलावलं. प्रत्येक शिफ्टचं म्हणणं एकच, की बाकीच्या दोघांनी बंद करावं. गाभण जिवाला घालायचं पुण्य सोडायला कोणीच तयार नव्हतं. सीच्या लोकांना निरोप पाठवला तर त्यांचं उत्तर आलं, नेहमी आमच्यावरच कात्री का. एकाने सुचवलं, प्रत्येकी एक आणि तिसरा हिस्सा द्या, म्हणजे चार वेळा होतील. तो अकाउंट्समधला होता.

मी हरले होते खरं तर. तीस वर्षांत मी मालकांना समजावलं आहे, मालकिणींना समजावलं आहे, त्यांच्या सासवांना समजावलं आहे. पण जिथे सगळेच मालक, तिथे कोणाला समजावणार. मग भिंतीवर लावलेला शिफ्टचा तक्ता माझ्या नजरेला पडला. त्यात तीन शिफ्टच्या खाली एक चौथी ओळ होती. जनरल शिफ्ट, सकाळी नऊ ते साडेपाच. ऑफिसच्या लोकांची.

"साहेब," मी म्हटलं, "राणीला जनरल शिफ्टला टाका."

चांदेकर साहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. त्यांना हसू आलं नाही. उलट या भेटीत पहिल्यांदाच मी काहीतरी शहाणपणाचं बोलले, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

"म्हणजे तिचा दिवस एकच राहील," ते म्हणाले.

"एकच. नऊ ते साडेपाच. त्यातच चार वेळा."

"आणि ओव्हरटाइम?"

"अजिबात नाही."

अर्ध्या तासात ऑर्डर निघाली. राणी (श्वान) हिची बदली तात्काळ प्रभावाने जनरल शिफ्टमध्ये करण्यात येत आहे. ड्यूटीच्या वेळेबाहेर तिला आहार देऊ नये. आहाराची जबाबदारी: श्री. ठवकर. गुलाबरावांनाही त्यासाठी दोन महिने जनरलला घेतलं. सीच्या लोकांनी अन्याय झाल्याचं पत्र दिलं. तेव्हा त्यांना पहाटे पंधरा मिनिटं तिला फिरवण्याचं काम दिलं, आणि ते त्यांनी मनापासून केलं. जे मी शास्त्र सांगून तासभर पटवू शकले नाही, ते बदलीच्या ऑर्डरने पाच मिनिटांत पटलं. ऑफ ड्यूटी माणसाला कोणी काम सांगत नाही, तसं ऑफ ड्यूटी कुत्रीला कोणी खायला घातलं नाही. फिटरने तर बिस्किटाचा पुडा दाखवायला आलेल्या एका माणसाला हटकलं, म्हणाला, काहून बे, तिची सुट्टी झाली ना.

दहा दिवसांनी वजन एकोणतीसवर थांबलेलं होतं. अकराव्या दिवशी सकाळी साडेनऊला गुलाबरावांचा फोन आला, कळा सुरू झाल्यात. राणी जनरल शिफ्टची शिस्त पाळत होती.

मी पोहोचले तेव्हा सव्वादहा झाले होते. सिक्युरिटी केबिनच्या मागच्या खोलीत पोत्यांवर ती आडवी होती. पाऊण तास जोर करत होती आणि पहिलं पिल्लू येत नव्हतं. राणी अडली होती. ज्या कळा जोरकस यायला हव्यात त्या थकून येत होत्या. लठ्ठ आईचं हेच होतं. वाटेत चरबी, पिल्लू अंगाने मोठं, आणि जोर कमी. कळा वाढवायचं इंजेक्शन अशा वेळी देऊन चालत नाही. वाट अडलेली असताना वरून जोर वाढवला तर गर्भाशय फाटू शकतं. उरले दोन मार्ग. हाताने सोडवणं, नाहीतर ऑपरेशन. ऑपरेशनला शहरात न्यायचं तर तास गेला असता.

मी ग्लोव्हज घातले, जेली लावली आणि गुलाबरावांना तिचं डोकं धरायला सांगितलं. बोटांना पिल्लाचं डोकं लागलं. प्रत्येक कळेबरोबर थोडं ओढायचं, कळ गेली की थांबायचं. घाई केली की मान जाते. वीस मिनिटं लागली. बाहेर खिडकीशी कोणीतरी विचारत होतं, काय झालं गा, आणि दुसरा त्याला गप्प करत होता. गुलाबराव राणीच्या कानाशी काहीतरी बोलत होते. काय, ते मी ऐकलं नाही.

पहिलं पिल्लू मेलेलं आलं. चांगलं मोठं, गुबगुबीत, काळंभोर. मी त्याला चोळलं, तोंडातलं पाणी काढलं, पाच-सात मिनिटं प्रयत्न केला. गुलाबरावांनी ते माझ्या हातातून घेतलं आणि खांद्यावरच्या दुपट्ट्यात गुंडाळून बाजूला ठेवलं. मला त्या क्षणी चांदेकर साहेबांचा राग आला, तिन्ही शिफ्टचा राग आला, आणि सगळ्यांत जास्त माझा स्वतःचा आला. चार ओळींची चिठ्ठी लिहून मी निघून गेले होते. कोण वाचणार आहे, ते विचारलंही नव्हतं.

पण वाट मोकळी झाली होती. अर्ध्या तासाने दुसरं आलं आणि येताच ओरडलं. मग तिसरं. दुपारी दोनपर्यंत त्या पहिल्यानंतर सहा पिल्लं झाली, सहाही जिवंत. गुलाबरावांनी प्रत्येकाच्या पाठीवर एक बोट ठेवून मोजली. पुन्हा मोजली. मग मेलेलं पिल्लू घेऊन ते उठले आणि कडुलिंबाकडे गेले. परत आले तेव्हा हात धुतलेले होते. मला म्हणाले, मॅडम, या खेपेले एकच खड्डा.

इथे संपलं असतं तर बरं होतं. पण बाराव्या दिवशी कारखान्याने पिल्लांचं बारसं ठरवलं. मला प्रमुख पाहुणी म्हणून बोलावलं होतं. कॅन्टीनसमोर मंडप, खुर्च्या, माइक. ए शिफ्ट सुटायची आणि बी यायची, म्हणून दोन्हीकडच्यांना सोयीची अशी दुपारची वेळ. सहा पिल्लांना टोपलीत घालून फुलं वाहिलेली. मला शाल आणि नारळ. चांदेकर साहेबांचं भाषण सुरू झालं. राणी स्टेजशेजारी चादरीवर बसली होती आणि तिचे पाय थरथरत होते.

समोर शंभरेक माणसं होती. कोणी म्हणालं, गर्दीले भेली. शकुंतलाबाईंनी तिच्या अंगावर हार घातला. गुलाबराव मात्र खुर्चीवरून उठून माझ्याकडे चालत आले. ते काही बोलण्याआधी मी शाल काढून टाकली होती.

अंग तापलं होतं, श्वास जोरात, जबडा आवळलेला. ती चालायला गेली तर लाकडासारखी ताठ. झोपलेला कारकून उठलाच नव्हता. सहा पिल्लं दूध ओढत होती आणि गोदामाला कुलूप होतं. मी बॅग मागवली. कॅल्शियमचं इंजेक्शन शिरेतून द्यायचं, आणि अगदी हळू. एका हाताने सिरिंज, दुसऱ्या हाताने स्टेथोस्कोप छातीवर. जोरात दिलं तर हृदय बंद पडतं. ठोका चुकला की थांबायचं, लागला की पुढे. माइक तसाच चालू राहिला होता आणि मंडपात कोणी हलत नव्हतं. पंधरा मिनिटांनी थरथर कमी झाली. मग थांबली. राणीने मोठा सुस्कारा टाकला आणि मान गुलाबरावांच्या मांडीवर ठेवली. त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्यांनी ते लपवलं नाही. माझेही आले होते. मी मात्र बॅगेत तोंड घालून सुई शोधत राहिले.

चांदेकर साहेब खाली वाकून रिकामी बाटली वाचत होते.

"मॅडम, यावर कॅल्शियम लिहिलंय."

"हो."

"म्हणजे तिला कॅल्शियमच कमी पडलं होतं."

"हो, पण..."

"बघा," ते मंडपाकडे वळून म्हणाले. माइक चालूच होता. "आम्ही देत होतो, ते बंद केलं, म्हणून कमी पडलं."

टाळ्या पडल्या. मी बराच वेळ समजावलं, की तेव्हा दिलंत म्हणून आता द्यावं लागलं. ज्यांनी ऐकलं त्यांनी मान डोलावली, आणि डोलावता डोलावताच एकमेकांकडे पाहिलं. पुढे कारखान्याच्या भित्तिपत्रकात राणीवर एक लेख आला. त्यात म्हटलं होतं, की गाभण श्वानाला कॅल्शियमची गरज असते हे आमच्या एचआर विभागाने वेळीच ओळखलं होतं आणि पुढे पशुवैद्यकीय तज्ज्ञांनीही ते मान्य केलं. तज्ज्ञ म्हणजे मी. शाल परत घ्यायला कोणी आलं नाही, एवढाच माझा फायदा.

पिल्लांना दोन दिवस आईपासून दूर ठेवून बाटलीने दूध पाजलं, आणि नंतर थोडं थोडं करून परत तिच्याजवळ सोडलं. या खेपेला पाजणारा एकच माणूस होता, त्याचं नाव मी ठरवलं आणि ते बोर्डावर लावू दिलं नाही. सहाही पिल्लं जगली. चार कामगारांच्या घरी गेली, एक शकुंतलाबाईंकडे, एक गेटवरच राहिलं. दोन महिन्यांनी राणीची नसबंदी केली. टाके काढायला मी स्वतः गेले, चिठ्ठी पाठवली नाही.

मी एवढंच शिकले, की उपाशी जिवाला जगवायला एक माणूस पुरतो. लाडक्या जिवाला जगवायचं तर आधी माणसं कमी करावी लागतात. तेव्हापासून माझ्या प्रिस्क्रिप्शनवर प्राण्याचं नाव, वय, वजन यांच्या खाली एक नवीन ओळ छापून घेतली आहे: 'खायला घालणारी व्यक्ती'. त्यापुढे एकच नाव आणि सही. परवा सदर भागातलं एक कुटुंब गाभण लॅब्राडोर घेऊन क्लिनिकमध्ये आलं. आजी, आजोबा, मुलगा, सून. मी विचारलं, हिला खायला कोण घालतं. चार हात वर झाले. मी पेनाला टोपण लावलं आणि म्हटलं, बाहेर बसा, तिघांचे हात खाली आले की आत या.